बिनविरोध

सोसायटी म्हटलं की शहरातल्या माणसाला फ्लॅटची बिल्डिंग आठवते. आमची सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत लिहावं लागतं, म्हणून सगळे नुसतं सोसायटी म्हणतात. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की पहेल्याच्या पुढे आमचं अड्याळ लागतं. हा सगळा पट्टा धानाचा. आजूबाजूच्या गावांतही अशा सोसायट्या आहेत. मी सांगतो ती गोष्ट त्यांतल्या नेमक्या कोणत्या सोसायटीची, ते मुद्दाम लिहीत नाही. वाचणाऱ्यानं आपल्याच गावची समजावी, फारसा फरक पडणार नाही.

कास्तकाराची आणि सोसायटीची गाठ वर्षातून चार वेळा पडते. 31 मार्चच्या आत नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून पुन्हा नवं उचलायला. मे-जूनमध्ये नव्या कर्जाचे पैसे हातात पडले की नाही ते पाहायला. रोवणीच्या वेळेला युरियासाठी. आणि चुरणं झालं की आधारभूत केंद्राच्या काट्यावर धान घेऊन. आमदार कोण झाला, हे आमच्या बांधीपर्यंत पोचायला वर्षं लागतात. सोसायटीत कोण बसला, ते त्याच हंगामात कळतं. तरी आमदारकीच्या निवडणुकीवर पानठेल्यावर रात्री बारापर्यंत बोलणं चालतं आणि सोसायटीची निवडणूक कधी झाली हे अर्ध्या सभासदांना ठाऊक नसतं. नोटीस बोर्डावर कागद लागतो, वाळतो, पिवळा होतो. विचारलं तर सांगतात, "झाली ना, बिनविरोध झाली."

या बिनविरोधाबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो मी आतून पाहिला आहे. मी 1977 साली दहावी झालो. दहावीच्या नव्या पद्धतीची ती तिसरी बॅच. पुढे शिकणं झालं नाही, पण अक्षर बरं होतं. त्यामुळे गावात कुणाचं काही लिहायचं असलं की माझ्या छपरीत यायचे. पीकविम्याचे अर्ज, वारसाचे अर्ज, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर, आणि सोसायटीच्या निवडणुकीचे फारम. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत मी किती फारम भरले त्याची मोजदाद नाही. कितीतरी फारमांवर सूचक म्हणून माझी सही आहे. उमेदवार मात्र मी कधी झालो नाही. ज्याच्या घरी सगळ्या बाजूंची माणसं फारम भरायला येतात, त्यानं मैदानात उतरू नये, असं माझं मत होतं आणि आहे.

माझ्या लहानपणी फारमच नव्हते. मालगुजारी 1951 साली गेली, पण मालगुजाराच्या घरची खुर्ची गेली नव्हती. सोसायटीची सभा शाळेच्या आवारात व्हायची. खुर्च्या दोन-तीन, बाकी लोक खाली सतरंजीवर. एक जण उभा राहून नावं वाचायचा. नाव वाचलं की "मंजूर?" आणि सगळे म्हणायचे, "मंजूर." कधी एका जागेला दोन नावं आली तर हात वर करायला सांगायचे. मी बाबांच्या बाजूला बसून ते पाहिलं आहे. हात वर करायच्या आधी लोक समोर पाहत नसत, बाजूला पाहत. मालकाचा हात गेला की मग गड्याचा जायचा. कुणाचा हात उशिरा गेला, हेही लक्षात ठेवलं जायचं.

एकदा असाच प्रसंग आला. दोन नावं होती. एका घरी सालदार असलेला एक माणूस, त्याची स्वतःची दीड एकराची बांधी होती म्हणून तो सभासद. त्यानं पहिल्या नावाला हात वर केला, आणि दुसऱ्या नावालाही केला. लोक खो-खो हसले. त्याला काही समजत नाही, असं ठरवून त्याचा हात कुठंच मोजला नाही. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "तो येडा नाई. एक हात मालकाचा होता आन् एक त्याचा सोताचा."

पुढे सहकाराच्या एका शिबिराला आम्हाला नेलं होतं. तिथं एका शिक्षकानं इंग्लंडातल्या रॉचडेल गावची गोष्ट सांगितली. 1844 साली तिथल्या 28 माणसांनी मिळून एक दुकान काढलं. त्यांतले बरेच विणकर, आपल्या पवनीच्या कोष्ट्यांसारखे मागावर पोट असलेले. पीठ, लोणी, साखर असला माल ठेवायचा, भेसळ करायची नाही, माप बरोबर द्यायचं. आणि नियम असा, की कुणाचा पैसा जास्त असो की कमी, मत प्रत्येकाला एकच. आपल्या 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही तेच आहे. शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. चाळीस एकरवाला आणि दीड एकरवाला एका काट्यावर सारखे भरतात, अशी ही आमच्या आयुष्यातली एवढी एकच जागा. शिक्षक बोलत होते आणि मला तो दोन्ही हात वर करणारा माणूस आठवत होता. त्याला एक मत होतं. ते त्याला देता आलं नाही, एवढंच.

आता हात वर करणं गेलं. 2011 साली 97 वी घटनादुरुस्ती झाली, त्यानंतर 2013 मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. आता आमच्यासारख्या लहान सोसायटीची निवडणूकही आमदारकीसारखीच होते. आधी मतदार यादी लागते. खरी निवडणूक इथूनच सुरू होते, पण यादी वाचायला कुणी जात नाही. मी जातो. यादीत मेलेली माणसं असतात, दोन ठिकाणी असलेली माणसं असतात, आणि जिवंत असून नसलेलीही असतात. बाप मरून सात वर्षं झाली, पोरानं वारस म्हणून अर्जच केला नाही, तर शेत पोराचं, घाम पोराचा आणि मत बापाचं. हरकत घ्यायला मुदत असते. मुदत गेल्यावर सगळे ओरडतात.

मग जागा ठरतात. आमच्याकडे संचालक तेरा. आठ सर्वसाधारण, दोन महिला, एक अनुसूचित जाती-जमातीची, एक इतर मागासवर्गाची, एक भटक्या-विमुक्त आणि विशेष मागासवर्गाची. जागा राखीव असली तरी मत सगळ्यांनीच द्यायचं. म्हणजे पूर्ण निवडणूक लागली तर एका माणसाला तेरा शिक्के मारायचे असतात. आठच्या ठिकाणी नऊ मारले की ती मतपत्रिका बाद. म्हाताऱ्या बायांना पॅनलवाले आधी घरी बसवून कोऱ्या कागदावर शिकवतात.

फारम भरायला पाच दिवस. फारमवर उमेदवाराची सही, सूचकाची सही, अनुमोदकाची सही. थकबाकीदार उभा राहू शकत नाही, म्हणून त्या पाच दिवसांत सोसायटीत जुने हप्ते भरायला गर्दी होते. कर्जवसुलीला बँकेची जीप आली तरी जी वसुली होत नाही, ती निवडणुकीत आपोआप होते. मग छाननी. आणि छाननीनंतर फारम मागे घ्यायला पंधरा दिवस.

हे पंधरा दिवस नीट समजून घ्या. फारम भरायला पाच आणि मागे घ्यायला पंधरा. कायदा करणाऱ्यानं चांगल्याच मनानं केलं असेल, की लोकांनी विचार करावा, तडजोड व्हावी, खर्च वाचावा. पण आमच्याकडे निवडणूक म्हणतात ती याच पंधरा दिवसांत होते. शिक्का मारायचा दिवस म्हणजे वरातीचा दिवस, लग्न तर आधीच जुळलेलं असतं.

या दिवसांत माणसं रात्री फिरतात. एखाद्याच्या छपरीत बैठक बसते. चहा होतो, खर्रा होतो. समोर भरलेल्या फारमांची यादी असते. तेरा जागा, बावीस फारम. म्हणजे नऊ फारम उचलायचे. मग एकेक नाव घेतात. याला कोण सांगेल? याचा मामा. त्याला कोण सांगेल? त्याचा व्याही. एकाला सांगतात, पुढच्या वेळेला तुझं पक्कं. दुसऱ्याला सांगतात, तुझ्या पोराचं काम करून देऊ. तिसऱ्याला काही सांगत नाहीत, फक्त विचारतात, "मार्चमंदी तुले नवं-जुनं कराचं हाय ना?" काही जण तर फारम भरतात ते उचलायसाठीच. ते माझ्याकडे येतात तेव्हा डोळ्यावरूनच ओळखू येतात. ते जाताना विचारतात, "वापस घ्याचा फारम कुठं भेटते?"

एवढ्याशा सोसायटीसाठी एवढी धावपळ कशाला, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. त्याचं कारण सोसायटीच्या बाहेर आहे. आमच्या सोसायटीचा एक प्रतिनिधी ठरावानं निवडला जातो आणि तो जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मत देतो. बाजार समितीच्या 18 जागांपैकी 11 जागा सोसायट्यांचे संचालक निवडतात. 2017 साली कायदा बदलून दहा गुंठे जमीनवाल्या शेतकऱ्यालाच बाजार समितीचं मत दिलं होतं, पण नंतर तो बदल मागे गेला. म्हणजे आमचे तेरा लोक हे वरच्या माणसांचे मतदार. चार-साडेचारशे सभासदांना पटवण्यापेक्षा तेरा माणसं आधीच आपली करून ठेवणं सोपं. म्हणून आमच्या बैठकीच्या दारात कधी कधी तालुक्याची, कधी जिल्ह्याची चारचाकी उभी असते. आत बसलेला पाहुणा फार बोलत नाही. उठताना एवढंच म्हणतो, "गाव एक राहिलं पाहिजे. बिनविरोध करा."

बिनविरोधात सगळंच वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. मी निवडणुकाही पाहिल्या आहेत. एका निवडणुकीत दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले. निकालानंतर दोघांनी एकाच धुऱ्यावरून जायचं बंद केलं. एकाच्या रोवणीला दुसऱ्याच्या मोहल्ल्यातल्या बाया गेल्या नाहीत. रोवणीचा पाऊस पंधरा दिवसांचा असतो, पऱ्हे हातचे जातात. पोरीच्या लग्नाची पत्रिका दारावर ठेवून परत यावं लागलं. अशा वेळी वाटतं, तेरा जागांसाठी गाव कशाला फाडायचं? माझ्या तरुणपणी एकदा खरोखर चांगलं बिनविरोध झालं होतं. हनुमानाच्या देवळासमोर सगळे सभासद बोलावले, उजेडात, सगळ्यांसमोर नावं घेतली. ज्याच्या नावाला हरकत होती ती तिथंच ऐकली. एक नाव बदललं. मग सगळे उठले. त्याला मी बिनविरोध म्हणतो. विरोध ऐकून घेतला आणि मग तो राहिला नाही. रात्रीच्या छपरीतला बिनविरोध वेगळा. तिथं विरोध असतो, पण तो कुठं आणि कशानं मिटवला, हे कुठंच लिहिलेलं नसतं. हीच वाट पुढे नेली की लिलाव होतो. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी 2021 मध्ये रद्द केली. तिथं पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. गावच्या देवळासाठी पैसा जमतो, मग काय वाईट, असं म्हणणारे तेव्हा आमच्या पानठेल्यावरही भेटले.

आता 2022 ची गोष्ट. करोनामुळे सोसायट्यांच्या निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे गेल्या होत्या. त्या वर्षी लागल्या. त्याआधीच्या हंगामात धानाला हमीभाव क्विंटलला 1940 रुपये होता. व्यापारी त्याहून बराच कमी देत होता, म्हणून सगळा धान केंद्रावर. गोडाऊन भरलं, बारदाना संपला, काटा थांबला. लोकांनी आपापले ढीग आवारात टाकून नंबर लावले. नंबर कुणाच्या वहीत होते ते दिसत नव्हतं. मागून आलेल्याचं माप पुढे होत होतं. आणि हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला.

माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी, साठी ओलांडलेली. भाऊ वारून बरीच वर्षं झाली. त्यानं जिवंतपणीच अडीच एकर तिच्या नावानं केली होती, म्हणून ती स्वतः सभासद. तिचा ढीग त्या आवारात महिनाभर पडून होता. पाऊस आला त्या रात्री ती आणि तिची सून ताडपत्री धरून उभ्या होत्या. खालचा थर भिजलाच. चार दिवसांनी हात घातला तर धान आतून गरम लागत होता, कोंब फुटायला लागले होते. माप झालं तेव्हा ओलावा जास्त म्हणून बराच धान परत पाठवला. आणि जो घेतला तो 40 किलोच्या भरतीत वर दोन किलो जादा टाकून. ती विचारायला गेली, की माझा नंबर कितवा होता? साहेब नाहीत, उद्या या. पुन्हा गेली. उद्या या.

निवडणूक लागली तेव्हा ती माझ्या छपरीत आली आणि म्हणाली, "भाऊजी, एक फारम भरून द्या. माजा."

मी फारम भरला. सूचक म्हणून सही केली. अनुमोदक तिनंच शोधून आणला. महिलांच्या दोन जागांसाठी आधीच दोन फारम आले होते, दोन्ही जुन्या संचालकांच्या घरातल्या बाया. त्या बायांनाही फारमवर सही करण्यापलीकडे फारसं काही सांगितलेलं नव्हतं. वहिनीचं तिसरं.

बाकीच्या अकरा जागांचं आठ-दहा दिवसांत जुळलं. अडलं ते या एका फारमवर. माझ्याकडे दोघे जण आले. एक आमच्या नात्यातलाच. म्हणाले, "दादा, तुमी सूचक हा आन् दीरबी हा. तिची सई आनून द्या, बाकीचं आमी पायतो. एका बाईपायी सोसायटीले निवडनुकीचा खर्च कायले? मतपत्रिका छापा, पोलीस बोलवा, कर्मचारी बोलवा."

खर्चाचं त्यांचं खोटं नव्हतं. निवडणुकीचा खर्च सोसायटीच्याच डोक्यावर बसतो, म्हणजे आमच्याच. मी त्यांना म्हणालो, "निरोप सांगतो. सही आणायचं कबूल करत नाही."

संध्याकाळी गेलो. वहिनी अंगणात बसून सूप पाखडत होती. मी निरोप जसाच्या तसा सांगितला, खर्चासकट. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच बोलली.

"भाऊजी, मले संचालक व्हाची हौस नाई. मले मीटिंगमंदी का बोलाचं तेबी नाई समजे. पन मी विचाराले गेली तं दोन महिने 'उद्या ये' म्हनत. आता ते माज्या दारी येतीन. त्यायले मत पायजे ना? येऊ द्या. मी म्हनीन, बसा, पानी घ्या, आन् सांगा माजा नंबर कितवा होता. माज्या एकटीच्याच दारी नाई, सगळ्यायच्या दारी जा लागन त्यायले. पडली तं पडली. पन फारम उचलला तं कोनीच कोनाच्या दारी नाई येणार."

मी रॉचडेलची गोष्ट शिबिरात ऐकली होती, कायदाही थोडाफार वाचला होता. पण निवडणूक कशासाठी असते, हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मत कुणाला पडतं ही नंतरची गोष्ट. त्याआधी, मत मागायला यावं लागतं. मागायला आलेल्या माणसाला खाली बसावं लागतं आणि विचारलेलं ऐकावं लागतं. पाच वर्षांत सभासदाला एवढाच एक मौका. बिनविरोधात तोच जातो. खर्च वाचतो, भांडण वाचतं, आणि त्यासोबत दारात येणंही वाचतं.

मी परत जाऊन सांगितलं, सही नाही. दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. एकानं सुनेला सुचवून पाहिलं. एकानं वहिनीच्या माहेरच्या माणसाला आणलं, तो जेवून परत गेला. पंधरावा दिवस संपला. चिन्हं मिळाली. वहिनीला कपबशी.

मग मात्र जे कधी झालं नव्हतं ते झालं. निवडणूक फक्त महिलांच्या दोन जागांची, पण बाकीचे अकरा बिनविरोध झालेले लोकही दारोदार निघाले. कारण आपल्या पॅनलची बाई पडली तर अब्रू जाते. ज्या मोहल्ल्यात सोसायटीचा माणूस फक्त वसुलीला यायचा, तिथं तो हात जोडून आला. आणि वहिनीनं जे विचारायचं ठरवलं होतं, ते आता चार-पाच घरांत बाया विचारू लागल्या. माजा नंबर कितवा होता? बारदाना कोनाले आधी भेटला? दोन किलो जादा कायचे? उत्तरं कुणाजवळ नव्हती. पण 'उद्या या' म्हणता येत नव्हतं, कारण आले होते तेच.

मतदान शाळेत झालं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बाया त्या दिवशी पहिल्यांदा सोसायटीचं मत द्यायला आल्या. सभासद होत्या, पण आधीच्या वेळांना मत देण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. संध्याकाळी तिथंच मोजणी झाली. वहिनी तिसरी आली. अकरा मतांनी पडली.

गुलाल उधळला, फटाके फुटले. वहिनी घरी आली, पाय धुतले आणि चूल पेटवली. मी गेलो तर म्हणाली, "अकरा का? मले वाटलं, पन्नासनं पडीन."

पुढं काय झालं तेही सांगतो. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत, जिथं दरवेळी वीस-पंचवीस डोकी असतात, तिथं बसायला जागा नव्हती. नंबरचा विषय निघाला. निवडून आलेल्या दोन बायांपैकी एक, जी प्रचारात वहिनीच्याच मोहल्ल्यात फिरली होती, ती उभी राहून म्हणाली, की नंबरची यादी भिंतीवर लावा, मलाही घरोघरी विचारलं आहे. तिच्या घरचे लोक तिच्याकडे पाहत राहिले. ठराव झाला. पुढच्या हंगामात यादी भिंतीवर लागली. सगळं सुधारलं असं नाही. बारदाना अजून संपतो, काटा अजून थांबतो, भरतीत जादा माप अजून मागतात. पण माझा नंबर कितवा, हे विचारायला आता कुणाला साहेबाची वाट पाहावी लागत नाही.

अध्यक्ष कोण व्हावा ते मात्र त्या तेरांनीच ठरवलं, नेहमीप्रमाणे. दोन गट, अडीच वर्षं एकाचा, अडीच वर्षं दुसऱ्याचा. कुठल्या छपरीत ठरलं, ते मला माहीत आहे, पण ते कागदावर नाही. सभासदाचं मत संचालकापर्यंत जातं, तिथून पुढे त्याचा माग काढणं कठीण. एवढं खरं, की खालचं दार उघडं राहिलं तर वरच्यालाही कधीतरी त्या दारातून यावं लागतं.

पुढची निवडणूक 2027 ला येईल. आतापासूनच दोघे-तिघे विचारून गेले, की फारम तुमीच भराल ना. भरीन, हात चालतो तोवर भरीन. पैसे घेत नाही, कधी घेतले नाहीत. पण आता कुणी फारम घेऊन आलं की मी पेन उघडायच्या आधी विचारतो, "पंधरा दिवस टिकशील का?" काही जण लगेच हो म्हणतात. काही जण हसतात, इकडे तिकडे पाहतात. त्यांना मी चहा पाजतो, पावसापाण्याचं विचारतो, आणि फारम त्यांच्याकडे परत देतो. घरी जा, विचार करा, उद्या या, असं मात्र म्हणत नाही. उद्या या हे शब्द आता मला जमत नाहीत.